गाळ उपसतो कोण, मदत कोणाला?

26 जुलै 2005 चा महापूर म्हटला की सर्वांना मुंबई आठवते. त्या दिवशी उल्हास आणि वालधुनीने बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरची काय दैना केली, त्याची आठवण फारसे कोणी काढत नाही. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. हजारावर प्रवाशांची सुटका झाली, ही आनंदाचीच गोष्ट. पण त्या रुळांच्या आजूबाजूला पाण्याखाली गेलेली भातखाचरे कोणत्या कॅमेऱ्याला दिसली?

पूर ओसरला की खाचरात गाळ-रेती साचते, बांध फुटतात, लावलेले भात कुजते. अशी जमीन पुन्हा लागवडीयोग्य करायला सरकार मदत देते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022-26 च्या निकषांत तीन इंचांहून जास्त गाळ साचला तर तो काढायला हेक्टरी 18,000 रुपये ठरले. दरड कोसळून किंवा नदीने पात्र बदलून जमीनच गेली तर अल्प व अत्यल्प भूधारकाला हेक्टरी 47,000 रुपये. रक्कम तुटपुंजी आहे, पण आमचा आजचा प्रश्न रकमेचा नाही. ती कोणाच्या हातात पडते, हा आहे.

तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पंचनामा करतात तो सातबारा पाहून. जमीन वाहून गेल्याच्या मदतीला तर महसूल दप्तरी मालकी सिद्ध असलीच पाहिजे, अशी अटच आहे. मग तोंडी बोलीवर, खंडाने किंवा अर्धेलीने जमीन कसणाऱ्याचे काय? बियाणे त्याचे, घाम त्याचा, गाळही तोच उपसणार. पैसे मात्र सातबाऱ्यावरच्या मालकाच्या खात्यात! ज्यांची लावणीची मजुरी बुडाली त्या आमच्या बौद्ध, आदिवासी मायबहिणींचे नाव तर पंचनाम्यात येण्याचा प्रश्नच नाही. अमेरिकेत अशा शेतजमीन-दुरुस्तीच्या योजनेत कसणारा कूळही अर्ज करू शकतो. मग आमच्याच देशात कसणारा अदृश्य का?

याचे उत्तर इतिहासात आहे. ज्या समाजाला जमीन धारण करू दिली नाही, त्याच्याकडे जमिनीचा कागद येणार कोठून? 1927 साली शिवजयंती उत्सवासाठी बाबासाहेब याच बदलापुरात आले होते. पुढे 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि 10 जानेवारी 1938 रोजी कोकणच्या शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले. त्यातला मूळ प्रश्न एकच होता: जो कसतो त्याचा हक्क.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पंचनाम्यात मालकासोबत कसणाऱ्याचेही नाव लिहा. गायरान कसणाऱ्या भूमिहीनांचे नुकसान मोजा. शेतमजुरांच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई द्या. लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत वाचून दाखवा.

आणि कार्यकर्त्यांनो, पूर आल्यावर धान्याची पाकिटे वाटून घरी जाऊ नका. तलाठी शिवारात येईल तेव्हा कसणाऱ्याला घेऊन बांधावर उभे राहा. नाव वगळले तर तहसीलदाराकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. आमची माणसे सरकारी कागदावर आल्याशिवाय मदत त्यांच्या दारी येणार नाही.