सांध्यात कोंडलेली हवा

मारीहाम, ओलांद बेटं : फिनलंडचा हा स्वायत्त प्रदेश, पण भाषा स्वीडिश. बाल्टिकमधली ही बेटं फिनलंडकडेच राहतील, हा राष्ट्रसंघाचा निवाडा १९२१चा. इथली माणसं आपलं वेगळेपण फार जपतात आणि गावोगावच्या मध्ययुगीन दगडी चर्चवर त्यांचा विशेष जीव. मात्र ती कधी बांधली, याची लेखी नोंद नाही. व्हायकिंगांची बिर्का नगरी इथेच होती, असं इथले इतिहासकार मात्स ड्रेयर मांडत. त्यामुळे चर्चही व्हायकिंग काळातली की नंतरची, यावर खूप वाद झाले.

निकाल लागला तो भिंतीतल्या चुन्यावरून. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. कळीचा चुना विरवून, वाळूत कालवून सांध्यात भरला, की तोच वायू हवेतून परत ओढून घट्ट होतो. गडांवर चुन्याच्या घाणीचं दगडी चाक पाहिलेल्यांना हा चुना परका नाही. गवंड्यानं थापी फिरवली त्या काळची हवा सांध्यात कोंडली जाते. तिच्यातला कार्बन-१४ ५,७३० वर्षांत निम्मा होतो. किती उरला त्यावरून वय काढायचं.

अडचण कच्च्या भाजलेल्या खड्यांची. कोट्यवधी वर्षांच्या त्या दगडात कार्बन-१४ उरलेलाच नसतो. त्याचे थोडे कण मिसळले तरी भिंत शतकांनी म्हातारी दिसते. संशोधक ओसा रिंगबूम आणि त्यांचे सहकारी १९९४पासून याच्याशी झगडत आले. नमुना कुटून, चाळून त्यावर फॉस्फोरिक आम्ल घालायचं आणि निघणारा वायू टप्प्याटप्प्यानं वेगळा धरायचा. भाजलेला चुना आधी विरघळतो, दगड मागाहून. म्हणून पहिल्या वायूवर भरवसा जास्त.

नमुनाही पारखून घ्यावा लागतो. चर्चच्या कमानी छताच्या वर, माळ्याच्या अंधारात, जिथे नंतरचा गिलावा पोचलेला नाही, तिथला चुना उत्तम. ताज्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाकतात. गुलाबी झाला, तर चुना अजून हवा ओढतोय आणि तो बाद. मला या सगळ्यात हा थेंबच सर्वांत मोलाचा वाटतो: सातशे वर्षांनंतरही एखादी भिंत घट्ट व्हायची राहिलेली असू शकते!

इथल्या यूमाला गावचं चर्च तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं ठरलं. लाकडाच्या वर्षवलयांची साक्षही तीच. व्हायकिंग काळाची आस धरलेल्यांना हे जड गेलं असणार. मला मात्र ते चर्च आता अधिक जवळचं वाटतं. माळ्यावरच्या एका सांध्यात नखाएवढी पांढरी गाठ दिसते, नीट न कालवलेल्या चुन्याची. अशा गाठीत वाळू नसते, वाळूतून येणारे जुन्या दगडाचे कणही नसतात, म्हणून तपासणारे आधी तीच शोधतात.