घाटात पोट का रुसतं?

अकोल्याच्या सपाटीवर तयार झालेल्या धावपटूला लांब डोंगरवाटेची शर्यत पळायची, तर सरावाला चिखलदऱ्याचा घाट बरा. माथा ११०० मीटरच्या आसपास. पण पहिल्याच तासात उत्साहाने दामटलं की मळमळ ठरलेली.

जोरात पळताना रक्त स्नायूंकडे वळतं, उन्हात घामासाठी त्वचेकडेही. आतड्यांच्या वाट्याला थोडंच उरतं. प्यालेलं पाणी, खाल्लेलं केळं पोटात नुसतं डचमळत राहतं. घाबरून आणखी ढोसणं हा सगळ्यात वाईट उपाय. भसाभस साधं पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम घटतं, आणि ते जिवावर बेतू शकतं.

त्यापेक्षा सरळ चालायला लागा, मानेवर ओला दुपट्टा टाका. धाप ओसरली की पोटाकडचं रक्त वाढतं. मग मीठ-साखरेचं लिंबूपाणी, घोट घोट. चालण्याचा आणखी एक फायदा: अंगातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, जेमतेम ४००-५०० ग्रॅम, ते जोराच्या पळण्यात भराभर उडतं. मंद चालीत चरबीचा वाटा वाढतो. दक्षिण आफ्रिकेतली सुमारे ९० किलोमीटरची कॉम्रेड्स शर्यत पुरी करायला बारा तास मिळतात. तिथे पंधरा मिनिटं चालण्यात गेली म्हणून काय बिघडलं? उलट्या थांबतच नसतील किंवा माणूस बरळू लागला, तर मात्र शर्यत सोडून डॉक्टर गाठायचा.