घरात कोणता संगणक आणावा? अमेरिकन कुटुंबांच्या अनुभवातून काही धडे



वर्षअखेरीचा बोनस हाती पडण्याची वेळ आली की आपल्या घरोघरी एकच चर्चा सुरू होते. मुलगी वरच्या वर्गात गेली, मुलगा कॉलेजात जाणार, मग घरात संगणक हवाच. पण कोणता घ्यावा? दुकानदार एक सांगतो, शेजारी दुसरे सांगतो, आणि अमेरिकेत असलेला नातेवाईक फोनवर तिसरेच काही सुचवितो.

आम्ही स्वतः या बाबतीत एकदा फसलो आहोत, हे प्रथमच कबूल करतो. काही वर्षांपूर्वी आम्ही किंमत पाहून एक सुबकसा, हलका लॅपटॉप घरी आणला. दिसावयास देखणा, खिशाला स्वस्त. पण त्याच्या पोटात जागा इतकी थोडी होती की सहा महिन्यांत तो भरून गेला आणि स्वतःची दुरुस्ती करून घेण्यासही त्याच्यापाशी जागा उरली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत निबंध द्यावयाचा आणि आदल्या रात्री यंत्र हटून बसलेले! आमच्या मुलीला रात्री नऊ वाजता शेजाऱ्यांचे दार ठोठावावे लागले. चूक यंत्राची थोडी, आमची अधिक. आम्ही किंमत विचारली होती, काम विचारले नव्हते.

या वेळी अमेरिकेत राहणाऱ्या आमच्या भाचीला फोन केला, तेव्हा ती पहिलेच वाक्य असे बोलली, "मामा, कोणता पाठवू ते नंतर बघू. तुमच्या घरी त्याला काम काय आहे, ते आधी सांगा." हा साधा प्रश्न विचारावयास अमेरिकेतील लाखो कुटुंबांना बरीच किंमत मोजावी लागली होती. ती कहाणी आज आपणांस सांगावयाची आहे.

स्वयंपाकघरातला संगणक

१९६९ साली नीमन मार्कस या श्रीमंतांच्या अमेरिकन दुकानाने आपल्या सूचिपत्रात एक नवलाची वस्तू छापली. हनीवेल कंपनीचा स्वयंपाकघरातला संगणक! किंमत दहा हजार डॉलरांहून अधिक. गृहिणीने त्यात पाककृती साठवाव्यात, अशी कल्पना. परंतु तो चालविण्यासाठी बाईंना आधी दोन आठवड्यांचे शिक्षण घ्यावे लागणार होते, कारण त्याच्याशी बोलावयाचे ते बटणे वरखाली करून, आणि तो उत्तर देणार ते दिवे लावून. असा एकही संगणक विकला गेल्याचे आढळत नाही. भाजीत मीठ किती घालावे हे पाहण्यासाठी कोणती सुगरण दिवे मोजीत बसेल?

खरा घरगुती संगणक आला तो १९७७ साली. त्या एका वर्षात ॲपल दोन, कमोडोर पेट आणि टँडी कंपनीचा टीआरएस-८० अशी तीन यंत्रे बाजारात आली. टीआरएस-८० सुमारे ६०० डॉलरला पडद्यासह मिळे. ॲपलची किंमत १२९८ डॉलरपासून सुरू होई आणि तेवढ्यात स्मरणशक्ती मिळे ती फक्त ४ किलोबाइट. आजच्या साध्या मोबाइलमध्ये याच्या लाखो पट स्मरणशक्ती असते.

पुढे ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी आणला. १९८२ मध्ये कमोडोर ६४ आला, ५९५ डॉलरला. टाइम साप्ताहिकाने जानेवारी १९८३ च्या अंकात दरवर्षीच्या मानकऱ्याच्या जागी माणसाऐवजी संगणकाला बसविले. मग काय विचारता! आपले मूल मागे पडेल, या धास्तीने आईबाप दुकानाकडे धावले. जाहिरातीही तेच सांगत. घरचा हिशेब, पाककृती, मुलांचा अभ्यास, सर्व काही हे यंत्र करील, असे चित्र उभे राहिले.

भाव उतरले आणि घरे अडकली

१९८३ साली कंपन्यांत भावयुद्ध पेटले. कमोडोरने भाव उतरविले की टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने आपल्या टीआय-९९/४ए चे भाव त्याहून उतरवावेत, असा प्रकार सुरू झाला. १९८१ मध्ये ५२५ डॉलरला निघालेले हे यंत्र दोन वर्षांत शंभर डॉलरपर्यंत घसरले. ग्राहक खूष झाला. परंतु कंपनीला त्यात कोट्यवधी डॉलरांची खोट आली, आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये, ऐन नाताळच्या खरेदीआधी, तिने घरगुती संगणकाचा धंदा बंद करीत असल्याचे जाहीर केले. उरलेली यंत्रे पन्नास डॉलरच्या आसपास विकली गेली.

ज्यांनी ती घेतली त्यांच्या घरात यंत्र चालू होते, पण त्यासाठी नवे कार्यक्रम कोण लिहिणार? बाहेरच्या लोकांनी कार्यक्रम लिहावेत यास त्या कंपनीने पूर्वीही फारसे उत्तेजन दिले नव्हते. बैल स्वस्तात मिळाला, पण वैरणीचे दुकानच बंद झाले, अशी गत झाली.

त्याच वर्षी कोलेको नावाच्या खेळणी बनविणाऱ्या कंपनीने ॲडम हा संगणक आणला. कल्पना चांगली होती. संगणक, छपाईयंत्र, सर्व एकाच खोक्यात, म्हणजे कुटुंबाला वेगळे काही घेणे नको. पण सगळ्या यंत्राचा वीजपुरवठा छपाईयंत्रात बसविलेला होता. छपाईयंत्र बिघडले की सगळेच बंद! त्याहून वाईट म्हणजे, टेप आत ठेवून यंत्र चालू केले तर त्या क्षणी उठणाऱ्या चुंबकीय लहरीने टेपवरचे लिखाण पुसले जाण्याचा संभव असे. मुलाने महिनाभर लिहिलेले सारे एका क्षणात नाहीसे. जानेवारी १९८५ मध्ये कंपनीने ॲडम बंद केला.

बरे, मोठ्या नावाचे यंत्र घ्यावे तर? आयबीएमने १ नोव्हेंबर १९८३ रोजी घरांसाठी पीसी ज्युनिअर जाहीर केला. साधा ६६९ डॉलरला, आणि डिस्कसह १२६९ डॉलरला. त्याच्या कळा लहान रबरी गोळ्यांसारख्या होत्या. त्यांवर टंकलेखन करणे जिकिरीचे होई, म्हणून लोक नाराज झाले. कंपनीने १९८४ मध्ये कळफलक फुकट बदलून दिले. तरी मार्च १९८५ मध्ये तेही उत्पादन थांबले.

या सर्वांत टिकला तो कमोडोर ६४. त्याचे भाव उतरले, त्याच्यासाठी कार्यक्रम भरपूर निघाले आणि लाखो घरांत तो नांदला. पण त्याच्या खरेदीतही एक मेख होती. यंत्र स्वस्त दिसे, पण लिखाण साठविण्याचा डिस्क ड्राइव्ह वेगळा घ्यावा लागे आणि त्याचीच किंमत सुरुवातीला सुमारे ४०० डॉलर होती. पुढे छपाईयंत्र वेगळे. दुकानातून निघताना दिलेले पैसे ही फक्त पहिली रक्कम होती.

अमेरिकन जनगणना खात्याने १९८४ साली मोजणी केली, तेव्हा दर शंभरांपैकी जेमतेम आठ घरांत संगणक होता. निम्म्या घरांत तो पोहोचावयास २००० साल उजाडावे लागले. म्हणजे जे थांबले त्यांच्या मुलांचे काही बिघडले, असे दिसत नाही. जाहिरातीतली घाई ही विकणाऱ्याची असते, घेणाऱ्याची नव्हे.

आज आपण काय पाहावे?

वाचकहो, आजचे संगणक त्या काळच्या यंत्रांपेक्षा कितीतरी भरवशाचे आहेत. तरी अमेरिकन कुटुंबांनी केलेल्या चुका आपणही करू शकतो. म्हणून आम्हांस सुचलेले काही प्रश्न देतो.

पहिला प्रश्न: घरात कोण, काय करणार? कागद घेऊन सर्वांनी एकत्र बसावे आणि आठवड्यातली खरी कामे लिहावीत. आजीला मुंबईच्या किंवा अमेरिकेच्या नातवाशी बोलावयाचे असेल, तर तिला फोन किंवा टॅबलेट पुरतो. मुलांना निबंध आणि प्रकल्प लिहावयाचे असतील, तर खरा कळफलक व मोठा पडदा हवा. चित्रफिती जोडणे किंवा इमारतींचे आराखडे काढणे, असे जड काम असेल तरच महागडे यंत्र. आपल्यातील बहुतेक घरांचे काम पत्र, हिशेब, सरकारी अर्ज, अभ्यास आणि गाणी एवढ्यात आटोपते.

दुसरा प्रश्न: आत किती जागा आहे? येथे दोन आकडे पाहावयाचे. एक मेमरी, म्हणजे काम करावयाचे टेबल. ते निदान ८ गीगाबाइट असावे, आणि यंत्र पाचसहा वर्षे वापरावयाचे असेल तर १६ बरे. दुसरा आकडा साठवणीचा, म्हणजे कपाट. ते एसएसडी प्रकारचे आणि निदान २५६ गीगाबाइटचे असावे. ३२ किंवा ६४ गीगाबाइटचे कपाट असलेला विंडोज लॅपटॉप स्वस्तात दिसला, तर आमची मुलगी रात्री नऊ वाजता शेजाऱ्यांच्या दारात उभी होती, हे आठवावे.

तिसरा प्रश्न: कंपनी त्याला किती वर्षे सांभाळणार? १९८३ साली बंद पडलेल्या यंत्रांचा धडा हाच आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. तेव्हा जुना लॅपटॉप कोणी स्वस्तात देऊ केला, तर त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालते का, हे आधी विचारावे. अमेरिकेतील अनेक शाळांत मुलांच्या हाती क्रोमबुक असते. ते स्वस्त व सोपे आहे, मात्र इंटरनेट नीट नसेल तर त्याची बरीच कामे अडतात. त्याच्या नव्या मॉडेलांना दहा वर्षे सुधारणा मिळतात. पण ही वर्षे आपण खरेदी केल्या दिवसापासून मोजत नाहीत, ते मॉडेल निघाल्यापासून मोजतात. म्हणून जुन्या मॉडेलची मुदत बघूनच पैसे द्यावेत.

चौथा प्रश्न: सगळे मिळून किती खर्च? छपाईयंत्र, त्याची शाई, पिशवी, इंटरनेटचे मासिक बिल, हे सर्व लिहून बेरीज करावी. शाईच्या नळ्यांची किंमत छपाईयंत्राआधी विचारावी.

पाचवा प्रश्न खास आपल्यासाठी: अमेरिकेतून मागवावा का? तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. लॅपटॉपच्या चार्जरवर १०० ते २४० असे छापलेले असेल तर चिंता नाही, फक्त आपल्या भिंतीला बसेल असा प्लग लागतो. पण छपाईयंत्र किंवा टेबलावरचे यंत्र १२० व्होल्टचेच असले, तर ते येथे लावताच जळण्याची भीती. अमेरिकन कळफलकावर फ्रेंच अक्षरांवरची चिन्हे छापलेली नसतात. ती काढता येतात, पण मुलांना सवय करावी लागते. हमी या बेटावर चालते का, आणि जकात व कर किती, याची चौकशी यंत्र विमानात बसण्याआधी करावी. भाचीने प्रेमाने पाठविलेली वस्तू दुरुस्तीसाठी पुन्हा सातासमुद्रापार धाडणे कोणाला परवडेल?

सहावा प्रश्न: त्यात मराठी लिहिता येईल का? आनंदाची गोष्ट अशी की आज वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. युनिकोड या सर्वमान्य पद्धतीत देवनागरीला १९९१ पासून स्थान आहे, आणि विंडोज, मॅक, क्रोमबुक, सर्वांत मराठी कळफलक नुसता चालू करावयाचा असतो. दुकानातच तो चालू करून पाहावा. मुलांना पहिल्या दिवशी आपले नाव आणि आजीचे नाव मराठीत लिहावयास लावावे. आपला 'ळ' पडद्यावर उमटला की यंत्र घरचे झाले असे समजावे.

आणि शेवटी, लिखाण दोन ठिकाणी ठेवावे. ॲडमच्या टेपवरून पुसले गेलेले परत आले नाही. आपल्याकडे तर चक्रीवादळाचे दिवस, विजांचा कडकडाट आणि समुद्राची दमट हवा. वादळ येताच यंत्राची वायर भिंतीतून काढावी. आज आपली मुले मोका येथील महात्मा गांधी संस्थेतून पूर्वजांच्या नोंदी मिळवितात, आजोबांची जुनी छायाचित्रे संगणकात उतरवून घेतात. हे धन एकाच यंत्रात ठेवू नये. एक प्रत वेगळ्या छोट्या डिस्कवर, दुसरी दुसऱ्या नातेवाइकाच्या घरी ठेवावी.

असो. आमच्या घरी या वेळी कागद घेऊन सर्वजण बसलो, तेव्हा यादीत पाच कामे निघाली. त्यांतली तीन घरातल्या फोनवर होत होती. उरलेल्या दोन कामांसाठी मध्यम किमतीचा एक लॅपटॉप पुरेसा ठरला, आणि तो येथेच, दुरुस्ती करून देणाऱ्या दुकानातून घ्यावयाचे ठरले. भाचीला तसे कळविले. ती हसून म्हणाली, "मग मी काय पाठवू?" आम्ही म्हणालो, "तू स्वतः ये, आणि मुलांना चार गोष्टी शिकव."

आपल्या आजा-पणजांनी साखरेच्या कोठीवर घाम गाळून पै-पैसा जोडला, तो पारखून खर्च करण्याची सवयही त्यांनीच आपल्याला लावली. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे त्यांचे सांगणे संगणकालाही लागू आहे. ऐकावे सर्वांचे, पण दुकानात जाण्याआधी आपल्या घरची यादी आपणच करावी.