हसवायलाही सूर पक्का लागतो!

दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो. काळ्या पोशाखातले चार वादक, समोर स्वरलिपीचे कागद आणि सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. पाश्चात्त्य संगीतातील 'स्ट्रिंग क्वार्टेट' म्हटले की असेच गंभीर चित्र डोळ्यांपुढे येते. नवख्या श्रोत्याला तर एकच धास्ती असते : चुकीच्या जागी टाळी वाजली तर?

गंमत अशी, की याच धास्तीचा विनोद दोनशे वर्षांपूर्वीच झाला आहे. जोसेफ हायडन या ऑस्ट्रियन संगीतकाराने १७८१ मध्ये रचलेले एक क्वार्टेट 'द जोक' या नावानेच ओळखले जाते. त्याच्या अखेरीस सुरावटीचे तुकडे पडतात, मध्ये मध्ये विराम येतात. मग लांबलचक शांतता. संपले असे समजून श्रोते टाळ्या वाजवू लागतात, तोच वादक सुरुवातीचा तुकडा हळूच पुन्हा छेडतात आणि थांबतात. आता मात्र खरेच संपलेले असते. पण टाळी वाजवायचे धाडस कोण करणार?

मोझार्टने १७८७ मध्ये तंतुवाद्यांच्या जोडीला दोन हॉर्न घेऊन सुमार संगीतकारांची नक्कल केली. तिच्या शेवटी वाद्ये वेगवेगळ्या पट्ट्यांत वाजतात आणि एकच गोंधळ उडतो!

हा वारसा आज पोलंडचा 'मोझार्ट ग्रुप' चालवतो आहे. १९९५ मध्ये एकत्र आलेले हे चार वादक संगीत अकादमींत रीतसर शिकलेले. भारदस्त शास्त्रीय रचना रंगात येते न येते, तोच तिच्यात एखादे लोकप्रिय गाणे घुसते. शब्द फारसे नाहीत. चेहरे, हावभाव आणि वाद्येच बोलतात. त्यामुळे ज्याला या संगीताचा गंध नाही, तोही खळखळून हसतो.

पण हे सोपे मुळीच नाही. समेची वाट पाहायला लावून ती हुलकावणीने चुकवायची, तर तालावर हुकमत हवी. मुद्दाम बेसूर वाजवणाऱ्यालाही सूर नेमका कुठे आहे, हे ठाऊक असावे लागते. चौघांपैकी एकजण क्षणभर आधी थांबला, तरी विनोद फसतो.

म्हणून अशा मैफलीला मुलाबाळांसह खुशाल जावे. टाळी चुकली तरी संकोच नको. ती चुकावी, हीच तर हायडनची इच्छा होती!