नगररचनेवरील लेखांचा शोध

बंगळुरूच्या दक्षिणेस कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या गावांच्या परिसरात १९७० नंतरच्या दशकात एक उद्योगनगरी आकारास येऊ लागली. तीच आजची इलेक्ट्रॉनिक सिटी होय. तिच्या घडणीवरील लेख शोधणाऱ्या अभ्यासकास ग्रंथालयाच्या तालिकेत बहुधा काहीच आढळत नाही. आणि या विषयावर कोणी लिहिलेलेच नाही, असा चुकीचा निष्कर्ष तो काढतो. वस्तुतः तालिका नियतकालिकांची नावे सांगते. त्यांतील लेखांची नोंद लेखसूचीत असते. कोलंबिया विद्यापीठात १९३४ साली आरंभिलेली एव्हरी सूची ही वास्तुकलेची अशीच सूची आहे. नगरविषयक लेख मात्र अर्थशास्त्र व समाजशास्त्राच्या नियतकालिकांतही विखुरलेले असतात.

म्हणून प्रथम विषयाचे घटक पाडावेत. ही दृष्टी ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी दिली. १९६२ साली बंगळुरूतच त्यांनी प्रलेखनाचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापिले. स्थळ, काळ, वस्तू व क्रिया निरनिराळ्या मांडल्या, की शोधशब्द हाती येतात: औद्योगिक वसाहत, भूसंपादन, मूळ गावांची नावे. इंग्रजी सूचीत ‘बँगलोर’ हे नावही पाहावे, कारण अधिकृत बदल २०१४ सालचा आहे.

लेखाची नोंद मिळताच नियतकालिक, वर्ष, खंड, अंक व पृष्ठ टिपून मगच तालिकेकडे वळावे. अंक नसल्यास ग्रंथपालास अन्य ग्रंथालयातून प्रत मागविता येते. लेखाच्या तळटीपा पुढील लेखांची वाट दाखवितात.

जुन्या गावाचे नाव शोधातून सुटले, तर ज्यांची जमीन गेली त्यांची हकीकत फडताळात असूनही वाचकास दिसत नाही.