मूल खात नाही : हट्ट की आजार?

"नुसता भात आणि चहा-बिस्कीट. बाकी काही तोंडात घेत नाही." खराडीच्या वस्त्यांत फिरताना आया ही तक्रार हमखास सांगतात. दोन ते सहा वर्षांच्या मुलांचे असे नखरे चालतातच. वजन-उंची वाढत असेल, मूल खेळत असेल, तर घाबरू नका.

पण काही मुलांच्या बाबतीत तो आजार असतो. डॉक्टर त्याला 'आरफिड' म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली त्याला हे नाव दिले. यात मुलाला बारीक व्हायचे नसते. कोणाला भूकच जाणवत नाही. कोणाला अन्नाचा वास, रंग किंवा गिळगिळीतपणा सहन होत नाही. कोणाच्या घशात एकदा घास अडकलेला असतो आणि तेव्हापासून गिळण्याची धास्ती बसते. स्वमग्न मुलांत हा आजार जास्त दिसतो.

ही लक्षणे पाहा
- वजन थांबले किंवा उतरले
- चालणारे पदार्थ एकेक करून कमी होत गेले
- थकवा, चक्कर, फिकटपणा
- शाळेत किंवा लग्नकार्यात सगळ्यांबरोबर जेवायला बसत नाही

यातले एक जरी दिसले तरी डॉक्टरांना दाखवा. जंत, रक्त कमी असणे, किडलेले दात, बद्धकोष्ठता, टीबी यामुळेही भूक मरते, म्हणून आधी ती तपासणी हवी. मनाने टॉनिक आणू नका.

घरी काय करावे?
मारून, नाक दाबून भरवू नका, धास्ती वाढते. "भूक लागली की खाईल" म्हणून उपाशी ठेवू नका. या आजारात मूल खरोखर खात नाही. जेवणाच्या वेळा ठरवा, मधला चहा बंद करा. त्याला चालतो तो पदार्थ ताटातून काढू नका; त्याच्या शेजारी नवा पदार्थ चिमूटभर ठेवा. आधी बघू दे, हात लावू दे, वास घेऊ दे. दहा-पंधरा वेळा ठेवल्यावर कदाचित चाखेल. घरातले सगळे एकत्र जेवा आणि ताटावर भांडण नको.

कुठे जावे?
अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर ते तीव्र कुपोषण आहे, थांबू नका. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर येतात, त्यांना सांगा. ससून रुग्णालयात बालरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग आहेत. कामावर एक खाडा पडेल, पण जा. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत मोफत सल्ला मिळतो. मूल पाणीही गिळत नसेल, लघवी कमी झाली असेल किंवा ग्लानीत असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

मानसोपचार म्हणजे वेड नव्हे. नजर काढण्यात, गंडेदोरे बांधण्यात महिने जातात, तेवढ्यात मुलाची वाढ खुंटते. आणि सासूबाई, नणंदबाई, सुनेला बोल लावू नका. हा आजार तिच्या हातच्या चवीने झालेला नाही. तिच्याबरोबर तुम्हीही दवाखान्यात चला.