पूर्णेच्या खोऱ्यात पाणी खारे का?

मूर्तिजापूरहून अचलपूरच्या दिशेने निघाले, की दोन्ही बाजूंना काळीभोर, सपाट जमीन लागते. उत्तरेच्या क्षितिजावर गाविलगडाचे डोंगर दिसू लागतात. कपाशी, तूर आणि हरभऱ्याच्या या शिवारात पाण्याची ददात असेल, असे वरवर पाहता वाटत नाही. मात्र, येथील अनेक विहिरींचे पाणी पिण्यास अयोग्य इतके खारट आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतील सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा प्रदेश खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो.

येथे पूर्वी समुद्र होता, असा समज वऱ्हाडात सर्रास ऐकू येतो. समुद्रतळाचेच खडक पाहायचे, तर लडाखमध्ये सिंधूच्या खोऱ्यात जावे लागते. भूखंडांच्या टकरीत तेथे समुद्रतळाचे तुकडे पर्वतात वर ढकलले गेले. अशा खडकांच्या क्रमाला भूशास्त्रात ओफिओलाइट म्हणतात. वऱ्हाडाची घडण मात्र वेगळी आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. पुढे गाविलगडाच्या पायथ्याशी पूर्व-पश्चिम दिशेने हा पाषाण भंगला. उत्तरेकडील भाग उंचावला, तर दक्षिणेकडील भाग खचला. या खोलगट भागात सातपुड्यावरून येणाऱ्या नद्यांनी गाळ आणून टाकला. काही ठिकाणी त्याची जाडी चारशे मीटरहून अधिक आहे. या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थरही सापडला असून, ती सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या उद्रेकातून आली असावी, असे मानले जाते.

मग मीठ आले कोठून? काळा पाषाण झिजताना त्यातील सोडियम, कॅल्शियम यांसारखी द्रव्ये पाण्यात उतरतात. येथील चिकण माती पाणी पडताच फुगते आणि निचरा अडवते. उताराचाही अभाव आहे. पाऊस बेताचा आणि उन्हाळा कडक, त्यामुळे पाणी उडून जाते व क्षार मागे राहतात. हजारो वर्षे ही क्रिया चालू राहिली. उलट, डोंगराच्या अगदी पायथ्याशी गोटे आणि वाळू असल्याने पाणी खेळते राहते. तेथील विहिरी गोड्या आहेत.

या खाऱ्या विहिरींनी इतिहासही घडविला. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या अकोला जिल्ह्यातील दहिहांडा येथे १९३० मध्ये याच पाण्यापासून मीठ तयार करून सत्याग्रह झाला.

आज प्रश्न पिण्याच्या पाण्याचा व शेतीचा आहे. अनेक गावांना वान आणि काटेपूर्णा यांसारख्या धरणांतून नळाने पाणी द्यावे लागते. विहिरीचे पाणी पिकाला दिले, तर सोडियममुळे माती आणखी घट्ट होते आणि जमीन बिघडते. धरणाचे गोडे पाणीदेखील निचऱ्याची सोय न करता भरमसाट दिल्यास खालचे क्षार वर येतात. त्यामुळे पावसाचे पाणी शेततळ्यात साठवून, ते मोजकेच वापरणे हा येथील भूरचनेशी जुळणारा मार्ग ठरतो. २०१८ पासून राबविल्या गेलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाणपट्ट्यातील गावांचा समावेश झाला, तो याच कारणाने. जमिनीखाली नवे पाणी शोधण्यापेक्षा आकाशातून पडणारे गोडे पाणी खारे होण्याआधी अडविणे, यातच या पट्ट्याचे हित आहे.